पायथन म्हणजे नेमका कुठला पायथन? एका कमांडमागच्या आवृत्तीचा इतिहास

आधी एक छोटं गणित करू. ३ भागिले २ किती? तुम्ही म्हणाल दीड. पायथन ३ सुद्धा तेच सांगतो. पण पायथन २.७ ला हेच विचारलं तर उत्तर येतं १. एरर येत नाही, इशारा येत नाही, काही नाही. दोन्ही संख्या पूर्णांक असल्या की उत्तरही पूर्णांकच द्यायचं, असा जुन्या पायथनचा नियम होता. अजून एक उदाहरण घ्या. २.५ ला राउंड करायला सांगितलं तर जुना पायथन ३ देतो आणि नवा २ देतो, कारण नव्या नियमात बरोबर मध्ये पडणारी संख्या जवळच्या सम संख्येकडे वळवली जाते.

आता समजा, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मिरजगावला घरी बसून लॅपटॉपवर एक स्क्रिप्ट लिहिलीत. सुट्टी संपल्यावर ती अहिल्यानगरच्या कॉलेजच्या लॅबमध्ये चालवलीत. पुढे पीएच.डी.ला लागलात आणि तीच स्क्रिप्ट पुण्याच्या एखाद्या संस्थेच्या क्लस्टरवर टाकलीत. तिन्ही ठिकाणी तुम्ही टाइप केलं ते एकच नाव, ‘पायथन’. पण तिन्ही ठिकाणी ओ देणारा पायथन एकच होता का?

नेट-सेटचा अभ्यास करताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. संशोधन सुरू झालं की पहिल्याच महिन्यात तो समोर येतो. बहुतेक जण त्याकडे ‘सेटिंगचा प्रॉब्लेम’ म्हणून बघतात, इंटरनेटवर ‘डिफॉल्ट व्हर्जन कसं बदलायचं’ असं शोधतात, सापडेल ती ओळ चिकटवतात आणि पुढे जातात. या लेखात मला सांगायचंय ते एवढंच, की कमांड लाइनवर कुठली आवृत्ती चालणार हे कोण ठरवतं, या प्रश्नाला जवळपास पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास समजला की डिफॉल्ट बदलायच्या फंदात न पडणंच का शहाणपणाचं, हेही समजतं.

(एक सूचना: या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.)

‘गुरुजी’ अशी हाक मारली तर

मिरजगावच्या बाजारात उभं राहून नुसतं ‘गुरुजी!’ अशी हाक मारली तर कोण ओ देईल? जे गुरुजी आधी ऐकतील ते. तुम्हाला गणिताचे गुरुजी हवे होते की इतिहासाचे, हे हाकेत कुठेच नाही. कमांडचंही असंच आहे. तुम्ही ‘पायथन’ टाइप करता तेव्हा तुम्ही फक्त एक नाव घेता. त्या नावाचा प्रोग्राम डिस्कवर शोधायचं काम शेल करतो, म्हणजे तुमच्या कमांड वाचणारा प्रोग्राम.

बेल लॅब्जमध्ये १९६९ नंतर युनिक्स घडत होतं, तेव्हाच्या सुरुवातीच्या शेलमध्ये शोधायच्या जागा आधीच ठरलेल्या होत्या. प्रोग्राम ‘बिन’ आणि ‘यूएसआर-बिन’ अशा ठरावीक डिरेक्टरींत असायचे, शेल तिथे बघायचा, सापडला तर चालवायचा. मशीन एक, वापरणारे मोजके आणि प्रत्येक प्रोग्रामची सहसा एकच प्रत. आवृत्तीचा प्रश्न पडावा अशी परिस्थितीच नव्हती.

१९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली. तिच्यात स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला नवा शेल होता आणि ‘पाथ’ नावाचं एक चल होतं. पाथ म्हणजे डिरेक्टरींची यादी. शेल ती डावीकडून उजवीकडे वाचतो आणि हव्या त्या नावाचा प्रोग्राम पहिल्यांदा जिथे सापडतो तिथे थांबतो. पुढच्या डिरेक्टरीत त्याच नावाचा दुसरा, नवा, चांगला प्रोग्राम असला तरी त्याच्यापर्यंत शोध पोचतच नाही.

हे वरवर साधं वाटतं, पण त्यातून एक मोठा बदल झाला. गुरुजींना शोधताना कुठल्या गल्लीतून सुरुवात करायची हे आता प्रत्येकाला स्वतःचं स्वतः ठरवता येऊ लागलं. एकाच मशीनवर तुमचा ‘पायथन’ वेगळा आणि माझा वेगळा असू शकतो, याची मुळं इथे आहेत. आजही विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर कमांड शोधताना पाथ नावाचीच यादी वापरली जाते. ‘डिफॉल्ट बदला’ म्हणून सांगितलेले बहुतेक उपाय या यादीतला क्रम बदलतात किंवा यादीत आधी येणाऱ्या एखाद्या नावाचं बोट दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवतात.

दोन बारकावे लक्षात ठेवा. पहिला, ही यादी त्या त्या टर्मिनलपुरती असते. एका खिडकीत बदललीत म्हणून आधीपासून उघड्या असलेल्या दुसऱ्या खिडकीत ती बदलत नाही. दुसरा, बॅशसारखे शेल एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतात. नवी आवृत्ती टाकूनही जुनीच चालत असेल तर ‘हॅश -आर’ ही कमांड देऊन शेलला ते विसरायला लावता येतं. ‘मी सगळं बरोबर केलं तरी जुनंच दिसतंय’ या तक्रारीमागे बऱ्याचदा या दोनांपैकी एक कारण असतं.

फाइलनेच सांगायचं ठरवलं

१९८० च्या जानेवारीत डेनिस रिची यांनी युनिक्सच्या गाभ्यात एक छोटी भर घातली. एखाद्या स्क्रिप्टची पहिली ओळ #! या दोन चिन्हांनी सुरू होत असेल, तर त्यापुढे ज्या प्रोग्रामचा पत्ता लिहिलाय त्याच्याकडून ती स्क्रिप्ट चालवून घ्यायची. या ओळीला आज ‘शिबँग’ म्हणतात. आता कुठल्या इंटरप्रिटरने मला चालवायचं, हे फाइल स्वतः सांगू लागली.

अडचण अशी की पत्ता पूर्ण लिहावा लागतो आणि प्रत्येक मशीनवर तो सारखा नसतो. तुमच्या लॅपटॉपवर पायथन एका डिरेक्टरीत असतो, क्लस्टरवर दुसरीकडेच. म्हणून लोकांनी एक पळवाट काढली. शिबँगमध्ये थेट पायथनचा पत्ता न देता ‘एन्व्ह’ या प्रोग्रामचा पत्ता द्यायचा आणि त्याला सांगायचं, बाबा रे, पायथन शोधून दे. एन्व्ह तो कुठे शोधतो? पाथमध्येच! म्हणजे निर्णय फाइलकडे गेला आणि फिरून पुन्हा वापरणाऱ्याच्या यादीकडे आला.

तुमच्या सिनियरने दिलेली स्क्रिप्ट उघडाल तेव्हा आधी तिची पहिली ओळ वाचा. तिथे पूर्ण पत्ता आहे, एन्व्ह आहे की काहीच नाही, यावरून आवृत्तीचा निर्णय त्याने कुणावर सोपवला होता ते कळतं. एक मात्र खरं, तुम्ही ‘पायथन’ टाइप करून पुढे फाइलचं नाव दिलंत तर ती पहिली ओळ विचारातच घेतली जात नाही. तिथे तुमच्या हाकेला ओ देणारा पायथनच चालतो.

१९९१ आणि पुणं

१९९१ साली तीन गोष्टी घडल्या. त्या वेळी त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण आज पुण्यातल्या क्लस्टरवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या टर्मिनलमध्ये त्या तिन्ही भेटतात.

फेब्रुवारीत अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेत काम करणाऱ्या खिदो व्हान रॉसुम यांनी पायथनची ०.९.० ही पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. सी-डॅकची स्थापना १९८८ ची, म्हणजे अवघ्या तीन वर्षांतलं हे काम. आणि तिसरी गोष्ट, जॉन फर्लानी यांनी ‘मॉड्यूल्स’ नावाच्या एका साधनावर निबंध सादर केला.

या तिसऱ्या गोष्टीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण आपल्या विषयासाठी तीच कळीची आहे. मोठ्या सामाईक मशीनवर शेकडो जण काम करतात. रसायनशास्त्राच्या गटाला एका कंपायलरची जुनी आवृत्ती हवी असते, भौतिकशास्त्रवाल्यांना नवी. सगळ्यांसाठी एकच डिफॉल्ट ठेवला तर कुणाचं तरी काम अडणार. आणि प्रत्येकाने आपापला पाथ हाताने लिहायचा म्हटलं तर निम्मा वेळ त्यातच जाणार.

मॉड्यूल्सने यावर असा तोडगा काढला की प्रशासकाने सगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी बसवून ठेवायच्या आणि प्रत्येकीसाठी एक छोटी फाइल लिहून ठेवायची. वापरणाऱ्याने ‘मॉड्यूल अॅव्हेल’ म्हणून काय काय आहे ते बघायचं आणि ‘मॉड्यूल लोड’ म्हणून हवी ती आवृत्ती मागायची. ती कमांड पाथमध्ये योग्य डिरेक्टरी पुढे आणून ठेवते, आणि तेही फक्त तुमच्या त्या सत्रापुरतं. काम झालं की ‘मॉड्यूल पर्ज’. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही.

पुण्याच्या आयसरमध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियानातून आलेला ‘परम ब्रह्म’ असो किंवा दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाचा छोटा क्लस्टर, मॉड्यूल लोडची ओळ तुम्हाला बहुतेक ठिकाणी भेटेल. ती नुसती टर्मिनलवर टाइप करू नका. जॉब स्क्रिप्टमध्येच लिहा, आवृत्तीच्या आकड्यासकट लिहा. आकडा न देता नुसतं ‘मॉड्यूल लोड पायथन’ लिहिलंत तर प्रशासकाने त्या महिन्यात जी आवृत्ती डिफॉल्ट ठरवली असेल ती मिळेल. सहा महिन्यांनी तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवताना ती वेगळी असू शकते.

एका घरात दोन चुली

२००८ पर्यंत पायथनच्या आवृत्त्या बदलत होत्या, पण साधारणपणे जुना प्रोग्राम नव्यात चालून जायचा. ३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० आला आणि हे थांबलं. या आवृत्तीने जुन्या चुका दुरुस्त करण्यासाठी जाणूनबुजून जुन्याशी फारकत घेतली. भागाकाराचा नियम बदलला, प्रिंट हे फंक्शन झालं, अक्षरं साठवायची पद्धत बदलली. भागाकाराचा हा नवा नियम खरं तर २००१ च्या पायथन २.२ पासून मागितला तर मिळत होता, पायथन ३ मध्ये तो सक्तीचा झाला.

जग एका रात्रीत बदलत नाही. जुन्या कुटुंबातली २.७ ही शेवटची मोठी आवृत्ती २०१० मध्ये आली. तिचा आधार २०१५ ला थांबायचा होता. पण लोकांचं स्थलांतर इतकं रेंगाळलं की २०१४ मध्ये ही मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. म्हणजे २००८ ते २०२० अशी बारा वर्षं एका घरात दोन चुली पेटत होत्या.

मग नुसतं ‘पायथन’ हे नाव कुणाचं? इथे खरा घोळ झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये आर्च लिनक्सने ठरवलं की आमच्याकडे ‘पायथन’ म्हणजे पायथन ३. बाकीच्या बहुतेक लिनक्स वितरणांत ते नाव पायथन २ कडेच होतं. एकच कमांड, एकच स्क्रिप्ट आणि मशीन बदललं की भाषाच बदलते, अशी अवस्था झाली. मार्च २०११ मध्ये पायथनच्या मंडळींनी ‘पेप ३९४’ हा प्रस्ताव लिहिला, तो खास याच प्रश्नावर. (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांसाठी लिहिलेला क्रमांकित प्रस्ताव.) त्यात सुचवलं होतं की ‘पायथन२’ आणि ‘पायथन३’ अशी दोन स्पष्ट नावं असावीत आणि नुसतं ‘पायथन’ हे तूर्त २ कडे असावं. २०१९ मध्ये तो सुधारला गेला आणि नुसत्या नावाचं काय करायचं हे ज्या त्या वितरणावर सोपवलं गेलं.

गंमत बघा, अख्ख्या जगाला मिळून एका शब्दाचा अर्थ ठरवता आला नाही. शेवटी उत्तर काय निघालं, तर तो शब्द मोघम आहे हे मान्य करा आणि नेमकं नाव घ्या.

विज्ञानाच्या क्षेत्रातही हळूहळू पाठ फिरवली गेली. नमपाय ही तर आपल्या सगळ्यांच्या कामाचा पाया. तिच्या विकसकांनी २०१७ मध्ये पायथन २ सोडायचा आराखडा जाहीर केला आणि २०१९ ची १.१७ ही आवृत्ती फक्त पायथन ३ साठी काढली. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा अधिकृत आधार संपला. त्याच एप्रिलमध्ये २.७.१८ ही निरोपाची आवृत्ती निघाली.

खोडदची दुर्बीण आणि दोन पायथन

हे सगळं अॅमस्टरडॅम-अमेरिकेचं झालं, आपल्याकडे काय, असं वाटत असेल तर जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जाऊ. नारायणगावजवळच्या या गावात जीएमआरटी आहे, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण पुण्याचं एनसीआरए चालवतं.

जीएमआरटीतून चित्र बाहेर पडत नाही, आकड्यांचे डोंगर बाहेर पडतात. त्यातून मोबाइल, वीजवाहिन्या वगैरेंचा गोंगाट काढायचा, अँटेनांच्या चुका दुरुस्त करायच्या आणि मग आकाशाचं चित्र बनवायचं, हे काम सॉफ्टवेअर करतं. त्यासाठी जगभर वापरलं जाणारं एक साधन म्हणजे ‘कासा’. कासाचा गाभा सी++ मध्ये आहे आणि आपण त्याच्याशी बोलतो ते पायथनमधून.

कासाची पाचवी मालिका पायथन २.७ वर होती. सहावी मालिका पायथन ३ वर गेली. आता एनसीआरएच्या रुता काळे आणि ईश्वर चंद्र यांनी लिहिलेलं ‘कॅप्चर’ बघा. जीएमआरटीच्या सुधारित रूपातला डेटा आपोआप प्रक्रिया करून चित्रापर्यंत नेणारी ही पाइपलाइन, तिच्यावरचा शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ कॅप्चर कासाच्या पाचव्या मालिकेसाठी लिहिलेली होती. कासा ६ आल्यावर तिच्यासाठी वेगळी आवृत्ती काढावी लागली. खगोलशास्त्र तेच, दुर्बीण तीच, गणित तेच. फक्त खालची भाषा पुढे सरकली म्हणून पाइपलाइनलाही पुढे सरकावं लागलं.

इथे आवृत्तीचा प्रश्न कसा सोडवला गेला ते शिकण्यासारखं आहे. कासाचं पूर्ण पॅकेज उतरवलंत की त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा पायथन असतो. तुमच्या मशीनवर ‘पायथन’ टाइप केल्यावर काय चालतं, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणून एकाच कॉम्प्युटरवर कासा ५ आणि कासा ६ वेगवेगळ्या फोल्डरमध्ये सुखाने नांदू शकतात. ज्याचा पूर्ण पत्ता द्याल तो चालेल. जुन्या स्क्रिप्टसाठी जुना, नव्यासाठी नवा. डिफॉल्टला हात लावायची गरजच पडत नाही.

आता यात पणाला काय लागलंय ते बघा. जीएमआरटीवर २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झच्या आसपास जवळजवळ सगळ्या दिसणाऱ्या आकाशाचं सर्वेक्षण झालं. त्याच निरीक्षणांवर काही वर्षांनी पायथनवर आधारलेल्या ‘स्पॅम’ या पाइपलाइनने पुन्हा प्रक्रिया केली आणि २०१७ च्या शोधनिबंधात सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. डेटा जुना होता, त्यातून नवं विज्ञान निघालं. उद्या तुमच्यापैकी कुणी तरी हाच डेटा पुन्हा उघडेल. तेव्हा डेटा असेल, निबंध असेल. पण ‘कुठल्या आवृत्तीने हे आकडे काढले’ हे लिहिलेलं नसेल तर निकाल पडताळायचा कशाच्या जोरावर?

घरमालकाच्या चुलीला हात लावू नका

‘डिफॉल्ट बदला’ या सल्ल्यातला धोका सांगणारा एक प्रसिद्ध किस्सा आहे. सेंटओएस हे लिनक्स अनेक वर्षं भारतातल्या आणि बाहेरच्या क्लस्टरांवर लोकप्रिय होतं. त्यात नवे प्रोग्राम बसवायचं साधन होतं ‘यम’, आणि यम स्वतः पायथन २ मध्ये लिहिलेलं होतं. त्याच्या शिबँगमध्ये नुसत्या ‘पायथन’चा पूर्ण पत्ता होता. कुणी तरी उत्साहाने त्या पत्त्यावर पायथन ३ जोडायचा आणि पुढच्या मिनिटाला यम बंद पडायचं. आता दुरुस्तीसाठी काही बसवायचं तर त्यासाठीही यमच हवं!

यातला मुद्दा असा की ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येणारा पायथन घरमालकाचा असतो. त्याच्यावर त्याचा स्वयंपाक चाललेला असतो. आपण भाडेकरू. आपली शेगडी आपण वेगळी आणायची.

वितरणांनीही यातून धडा घेतला. २०१९ च्या मे महिन्यात आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये सिस्टिमच्या स्वतःच्या कामासाठी ‘प्लॅटफॉर्म-पायथन’ नावाची वेगळी प्रत आडबाजूला ठेवली गेली. नुसतं ‘पायथन’ हे नाव रिकामं ठेवलं. हवं असेल तर प्रशासकाने ‘अल्टरनेटिव्हज’ या कमांडने ते २ कडे किंवा ३ कडे वळवायचं. उबंटू २०.०४ मध्येही नुसत्या ‘पायथन’ला कुणीच ओ देत नाही. ज्याला ते पायथन ३ हवंय त्याच्यासाठी ‘पायथन-इज-पायथन३’ अशा सरळ नावाचं पॅकेज आहे. २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ मधून पायथन २.७ काढूनच टाकला गेला. आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून तुम्ही सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट काही बसवायला गेलात तर तो नकार देतो. हा नकार बघून अनेक विद्यार्थी वैतागतात आणि तो मोडून काढायचा पर्याय शोधतात. त्यामागचा इतिहास हा असा आहे. तो नकार तुमच्या मशीनच्या भल्यासाठीच आहे.

विंडोजवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे सिस्टिमचा पायथन नसतोच. २०१९ पासून विंडोज १० मध्ये ‘पायथन’ टाइप केलं की कधी कधी मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं, कारण पाथमध्ये त्या नावाचा एक पुतळा उभा करून ठेवलाय. त्यापेक्षा ‘पीवाय’ नावाचा लाँचर वापरा. पायथन ३.३ सोबत आलेल्या या लाँचरला हवी ती आवृत्ती सांगता येते. ‘पीवाय -३.११’ म्हटलं की ३.११ चालतो. ‘पीवाय -०पी’ म्हटलं की मशीनवर कुठे कुठे कुठला पायथन आहे त्याची यादी मिळते.

निर्णय फोल्डरपर्यंत येतो

आवृत्ती ठरवायचा अधिकार असा खाली खाली सरकत आला. आधी मशीनकडे होता, मग पाथमुळे वापरणाऱ्याकडे, मॉड्यूल्समुळे त्या दिवशीच्या सत्राकडे. शेवटची पायरी म्हणजे प्रकल्पाचं फोल्डर.

२००७ मध्ये इयान बिकिंग यांनी ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ लिहिलं. कल्पना साधी: प्रत्येक प्रकल्पासाठी एक वेगळं पायथनघर बांधायचं आणि काम करताना पाथमध्ये ते सगळ्यात पुढे आणायचं. २०१२ मध्ये ही कल्पना ‘व्हेन्व्ह’ या नावाने पायथन ३.३ मध्येच आली. त्याच वर्षी आलेला ‘कोंडा’ आणखी पुढे गेला. व्हेन्व्ह मशीनवर असलेलाच पायथन वापरतो, कोंडा मात्र पायथनची हवी ती आवृत्तीही सोबत आणतो, शिवाय सी आणि फोरट्रानमधल्या लायब्ररीही आणतो. म्हणून संशोधकांत तो रुळला.

रुबी भाषेच्या जगातून ‘आरबीएन्व्ह’ आलं आणि त्याची पायथनसाठीची भावंडं म्हणजे ‘पायएन्व्ह’. ते पाथच्या सुरुवातीला एक पोस्टमन बसवतं. हाक आली की तो तुमच्या फोल्डरमधली एक छोटी फाइल वाचतो, तिच्यात लिहिलेला आवृत्तीचा आकडा बघतो आणि हाक योग्य पायथनकडे पोचवतो. ती फाइल प्रकल्पासोबत राहते. फोल्डर मित्राला दिलंत तर निर्णयही सोबत जातो.

ही सगळी साधनं वेगवेगळी दिसतात, भांडणंही खूप होतात की कुठलं चांगलं. पण इतिहास माहीत असेल तर दिसतं की यातली बहुतेक १९७९ च्याच यादीचा क्रम बदलतात. फरक इतकाच, की क्रम कुठे लिहून ठेवायचा.

मग तुम्ही काय करायचं?

पहिलं, विचारायची सवय लावा. नव्या मशीनवर बसलात की ‘पायथन --व्हर्जन’ बघा. मग लिनक्स किंवा मॅकवर ‘विच -ए पायथन३’, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘व्हेअर पायथन’. पाथमध्ये त्या नावाचे जेवढे उमेदवार आहेत ते क्रमाने दिसतील. सगळ्यात वरचा तुमच्या हाकेला ओ देतो. पायथनच्या आत जाऊन ‘सिस.एक्झिक्यूटेबल’ छापलंत तर नेमका कुठला प्रोग्राम चालू आहे त्याचा पूर्ण पत्ता मिळतो. वाद असेल तिथे ही शेवटची साक्ष.

दुसरं, पिप थेट वापरू नका. ‘पायथन३ -एम पिप’ असं लिहा. पिप हेही पाथमधलं एक नाव आहे आणि ते भलत्याच पायथनचं असू शकतं. ‘मी पॅकेज बसवलं तरी सापडत नाही म्हणतोय’ यामागे बहुधा हेच असतं.

तिसरं, डिफॉल्टला हात लावू नका. प्रत्येक प्रकल्पाला त्याचं वेगळं घर द्या, मग सिस्टिममध्ये ‘पायथन’ कुणालाही म्हणोत, तुमचं काही अडत नाही.

चौथं, सिनियरची जुनी स्क्रिप्ट हातात आली तर ती ‘चालते’ म्हणून खूश होऊ नका. आधी ती कुठल्या आवृत्तीसाठी लिहिली होती ते शोधा. प्रिंट कंसाशिवाय असेल तर ती पायथन २ ची आहे हे लगेच कळतं आणि नव्या पायथनमध्ये ती चालणारच नाही, म्हणजे ही चूक बरी, दिसते तरी. भीती भागाकाराची आहे. जमेल तर ज्याचं उत्तर तुम्हाला हाताने काढता येतं असा लहानसा डेटा घ्या आणि स्क्रिप्टला आधी त्याच्यावर तपासा.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: आवृत्ती लिहून ठेवा. प्रयोगशाळेत आपण रसायनाची शुद्धता लिहितो, उपकरणाचं मॉडेल लिहितो, त्या दिवशीचं तापमान लिहितो. मग ज्या प्रोग्रामने शेवटचा आकडा काढला त्याची आवृत्ती का लिहीत नाही? स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच पायथनची आणि मुख्य लायब्ररींची आवृत्ती निकालाच्या फाइलमध्ये छापून टाका, दोन-तीन ओळींचं काम आहे. थिसिसच्या पद्धतीच्या प्रकरणात ‘पायथन वापरला’ एवढंच लिहू नका. परीक्षकाने तोंडी परीक्षेत ‘कुठला?’ असं विचारलं तर उत्तर तिथेच छापलेलं असू द्या.